माझ्या नावाचा तुकडा

आमच्या डोंगरावर काळा पाव वर्षातून दोनदाच भाजतात. महिन्याभरात तो असा टणक होतो की कुत्र्याच्या डोक्यात घातला तर कुत्रं मरेल. माहेरी आम्ही हातोडीनं फोडायचो. म्हणून सासूनं, क्रेसेन्सनं, माळ्यावरून ते धूड खाली आणलं तेव्हा मला वाटलं, कडबा कापायचं काहीतरी असेल.

तीन बाजूंनी कड असलेला पाट, त्यावर हातभर लांब पातं. पात्याचं टोक लोखंडी कडीत अडकवलेलं. मी ओढून पाहिलं, सुटेना.

"ग्रामल म्हणतात हिला. पाव कापायची," क्रेसेन्स म्हणाली. "लुईस पोटात होता तेव्हा माळ्यावर टाकली होती."

"मग आत्ताच कशाला काढलीत, आई?"

तिनं पाव सरकवला, मूठ दाबली. खट्‌. "हा माझा." खट्‌. "हा झिटाचा."

मी खाल्ला. भूक लागली होती.

माझा नवरा लुईस खाली श्लुडर्न्स गावात, गिरणीत कामाला; राहायचाही तिथेच. पहिलं बाळ मी याच घरात गमावलं होतं. सुईण चढून येईपर्यंत सगळं संपलं. या खेपेला बाळंतपणासाठी बर्फाआधी खाली जायचं, हे पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन निघाले. अंगणाच्या कुंपणापाशी श्वासच येईना. मागे फिरले, तर चुलीपाशी ठणठणीत! म्हटलं, सातवा महिना, धाप लागायचीच. पण तीनदा निघाले, आणि तिसऱ्यांदा रांगत घरात आले.

"मीही आठ दिवसांसाठीच आले होते," क्रेसेन्स विणता विणता म्हणाली. "माझ्या नावाचा तुकडा खाल्ला, त्याला चाळीस वर्षं झाली."

"माहीत होतं तुम्हाला! मग माझ्या नावानं का कापला?"

"एकटीनं किती दिवस काढायचे, पोरी?"

मेलीचा गळा दाबावासा वाटला. आठवडाभर बोलले नाही तिच्याशी, एका खोलीत राहून. मग बर्फ पडला आणि रस्ताही गेला.

फेब्रुवारीत, भर दुपारी, बाळ झालं. निळं. रडेना. क्रेसेन्सनं पाठ चोळली, उलटं धरलं, तोंडात फुंकर घातली. मग तिनं पाटाकडे बघितलं.

"नको," मी म्हणाले.

"नाव घेऊन काप. जगेल."

"आणि?"

"इथेच जगेल."

बाळाचे ओठ काळे पडत चालले होते.

खट्‌. "हा फाइटचा."

दुधात भिजवलेला कण ओठांना लावला आणि तो रडला. देवा, काय रडला!

एप्रिलमध्ये लुईस वर आला. बाप्तिस्म्याला न्यायचं म्हणून मी "थांब" म्हणेपर्यंत बाळ घेऊन निघालासुद्धा. कुंपणाबाहेर एक पाऊल, आणि फाइटचं रडणं तुटलं. ओठ निळे. शाल विसरली म्हणून लुईस मागे फिरला, तसं भोकाड पुन्हा सुरू.

मी सगळं सांगितलं. तो खो खो हसला. "आईनं तुलाही वेड लावलं! अगं, पठ्ठ्याला घर सोडवत नाही, एवढंच." शाल गुंडाळून तो पुन्हा निघाला. त्याचा दुधाचा उष्टा पेला टेबलावर होता, त्याच्या तोंडचाच.

मी पाव सरकवला.

खट्‌. "हा लुईसचा." पेल्यातल्या तळाच्या दुधात तुकडा टाकला.

खिडकीतून दिसलं, तो कुंपणाच्या अलीकडेच थांबला होता, खांबाला धरून.

"झिटा," त्यानं हाक मारली, "जरा धाप लागली ग. बसतो इथेच."