वाळूची बादली

खोटं वाटलं तर वाटू द्या. लुबना माझी मामेबहीण आहे आणि तिला थापा मारायची सवय नाही. हे सगळं तिने मला अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरी बसून सांगितलं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजातली केमिस्ट्रीची लॅब. शुक्रवार, भर दुपार. भुतं फक्त रात्री येतात म्हणणाऱ्याला मी आता हसतो.

लुबना तिथे पीएचडी करते. रासायनिक क्रिया घडवायचं महागड्या पॅलेडियम धातूचं काम साध्या ॲल्युमिनियमकडून करून घ्यायचं, हाच तिचा ध्यास. तीन वर्षं नुसती हार. त्या दिवशी शेवटच्या प्रयत्नापुरतंच सामान उरलं होतं.

त्यात लिथियमचं एक द्रावण लागतं. हवा लागली की पेटतं. पाणी टाकलं तर आणखी भडकतं.

म्हणून त्यांची एक रीत. एकीने सुई धरायची, दुसरीने मागे कोरड्या वाळूची बादली घेऊन उभं राहायचं. सुईवालीने मान वळवायची नाही. नुसतं विचारायचं, "मागं कोन हाय?" उत्तर आलं की मगच बाटलीत सुई घालायची.

मागे कायम तिची मैत्रीण आकांक्षा असायची. त्या दिवशी ती परतवाड्याहून येणार होती.

हवा आत शिरू नये म्हणून सोडलेल्या नायट्रोजनची नळी तेलात बुडबुडत होती. तेवढाच काय तो आवाज.

दार वाजलं.

"आली का वं? मागं कोन हाय?"

बुडबुड थांबली...

"मी आहो ना. कर तू बिनधास्त."

आकांक्षाचाच आवाज. बुडबुड पुन्हा सुरू झाली.

लुबनाने द्रावण ओढून सुई बाहेर काढली, आणि... टोकाचा थेंब टेबलावर पडला. भक्कन जाळ! बाहीपर्यंत आला.

"आकांक्षा, वाळू!"

खांद्यावरून सपकन वाळू पडली. जाळ विझला. हाताला साधा फोडही नाही.

"वाचवलं वं माय तू मले!" म्हणत ती वळली.

मागे कोणी नव्हतं.

बादली दाराजवळ खुंटीला होती... काठोकाठ भरलेली.

तेवढ्यात फोन वाजला. आकांक्षा.

"बस वलगावले बंद पडली वं. मी आल्याबिगर सुरू नको करू, समजलं?"

आकांक्षा आल्यावर लुबनाने काम पुरं केलं. पुढच्या आठवड्यात हवे होते ते पिवळे स्फटिक दिसले. तीन वर्षांचं चीज झालं. पण आनंद कसला डोंबलाचा! ती वाळू कोणी टाकली, ते आजवर कळलेलं नाही.

आता आकांक्षा नोकरीला लागली. सुईपाशी करिश्मा नावाची नवी मुलगी असते आणि बादली घेऊन मागे लुबना.

इतकं सांगून झाल्यावर लुबनाला काय वाटलं कोण जाणे, तिने माझ्यासमोरच करिश्माला फोन लावला. स्पीकरवर.

"करिश्मा, मी अकोल्याले आहो. उद्या येतो. तवरक सुई हातात घेऊ नको."

पलीकडे करिश्मा हसली.

"ताई, काहून मस्करी करता? तुमी मागंच तर उभ्या आहा, बादली घेऊन. आता फोनबी मागूनच करून राहिल्या का?"

मी ऐकत होतो. पलीकडे बुडबुड चालू होती...

मग थांबली.

"करिश्मा, पळ!" लुबना किंचाळली. "सगळं तिथंच टाक आन् बाहेर नीघ!"

करिश्मा सुखरूप आहे. विचाराल म्हणून आधीच सांगितलं. लुबना मात्र अजून अमरावतीला गेलेली नाही. मी रोज म्हणतो, चल, मी येतो सोबत.

"नको शाकीबभाई," ती म्हणते. "माही जागा रिकामी नाही तिथं."