भेट सुरू आहे

टॅब कॉम्प्युटरला जोडला की दहा सेकंद दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

पेणला रामवाडीत आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, टॅबवर फॉर्म भरायचे आणि परत येऊन ते कॉम्प्युटरवर उतरवायचे, हे माझं काम. त्या दिवशी काही केल्या उतरेनात. कॉम्प्युटर बघणारा सुफियान बहिणीच्या लग्नाला म्हसळ्याला गेला होता. मी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच असते.

नऊ दिवसांनी सुफियान आला. त्यानं केबल बदलली, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावून पाहिली, टॅबचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मग टॅबच हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

"नूतनताई, केबलचा दोष नाय. एक फॉर्म उघडा राहिलाय. तो बंद झाल्याबिगर बाकीचे जाणार नाय."

फॉर्मवर नाव होतं धोंडुबाईचं. खाली लिहिलं होतं : भेट सुरू आहे. नऊ दिवस, चार तास.

तो फॉर्म मी टॅब कपाटात ठेवला त्याच दिवशी, रोह्याच्या एसटी स्टँडवर, वडापाव खाता खाता भरला होता. धोंडुबाईची वाडी तिथून पाऊण तास चालत. पण खरं कारण ते नव्हतं. जूनमध्ये यादी करायला एकदा गेले होते, तेव्हा तिनं माझा हात धरून दोन तास सोडलं नव्हतं. "बस गो अजून," एवढंच म्हणत राहिली होती. मला ते पुन्हा नको होतं. मनानंच उत्तरं टाकली, जूनमधला तिचा फोटो जोडला आणि भेट बंद केली. बंद केल्याचं मला पक्कं आठवतं.

सुफियाननं काहीतरी दाबलं आणि फॉर्म मोठ्या स्क्रीनवर आला.

"सोबत कोण राहतं?" या प्रश्नाला मी खोटंच "मुलगा" निवडलं होतं. तिथं आता "नूतन" होतं.

"तातडीची मदत हवी का?" नाही. हे उत्तर मात्र माझंच होतं.

फोटो नऊ होते. रोज एक. खाटेवर धोंडुबाई. जमिनीवर बसलेल्या माणसानं काढावेत तसे, खालून घेतलेले. प्रत्येक फोटोत ती फोटो काढणाऱ्याकडे बघत होती. आधी हसून, मग नुसतीच. सहाव्यापासून तिचं तोंड उघडं होतं. नवव्या फोटोत खाट रिकामी होती आणि तिच्यावर वळकटी.

"रोज जायचात तुम्ही?" सुफियाननं विचारलं. त्याच्या आवाजात आदर होता.

मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रोह्याला गेले. तिथून चालत. शेतांत भातकापणी चालली होती. वाडीत धोंडुबाईच्या दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या हौसाकाकी अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"परवा गेली गो म्हातारी. तुझ्यासमोरच गेली. तुला काय सांगू?"

त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं.

"तू व्हतीस म्हणून आमी कोण आत गेलो नाय," त्या म्हणाल्या. "कापणीचे दिवस. दारातून बघायचो तर तू बसलेली. म्हटलं, सर्व्हेवाली बाय हाय ना जवळ, मग कशाला काळजी? शेवटी पाणी तरी गेलं ना गो तिच्या तोंडात?"

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"तशी बोलायची नायस तू कोणाशी," त्या म्हणाल्या. "हाक मारली तरी मान वळवायची नायस. पण बसलीस. पोटची पोर बसत नाय एवढी."

आसपासच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीनं मला हात जोडले. जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. गप्प राहिले असते तर ती त्यांच्या कौतुकाखाली झाकली गेली असती. मला ते सहन होईना.

"काकी, मी आलेच नाही," मी म्हणाले. "जूननंतर एकदाही नाही. मी खोटं लिहिलं."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. हौसाकाकी मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या खांद्यावरून मागे, धोंडुबाईच्या दाराकडे पाहत होत्या.

"मग ही बहीण व्हय तुझी?" त्यांनी विचारलं. "तोंडवळा तोच."

मी मागे वळले नाही.

हौसाकाकी चटईवर थोड्या सरकल्या, माझ्या बाजूला जागा केली.

"उन्हात काय उभी ऱ्हायलीस? ये गो, बस."

माझ्या मागे कुणीतरी चप्पल काढली. आधी एक. मग दुसरी.