मंगळवारात अडकलेली टपालपेटी

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! खोटा निघाला तर माझे उरलेले चारही दात आजच पडोत!

सुट्टीत तीन भावंडं आत्याकडे आली होती. थोरली वाद घालण्यात पटाईत, म्हणून 'वकील'. मधला सदा भुकेला ढब्बू, आणि धाकटी चिमणी. आत्याची वस्ती इतकी उंचावर, की ढग खालून जायचे आणि कोंबड्या त्यांच्यावर अंडी घालायच्या! फोन तिथे लागतच नसे. वळणावरची लाल टपालपेटी, एवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध.

रोज दुपारी आत्या अंगणात उभी राही.

"आत्या, कुणाची वाट बघतेस गं?"

"कुणाची नाही. कपडे वाळले का बघतेय."

दोरीवर एकही कपडा नव्हता!

शेवटी तिनंच सांगितलं. तिची मुलगी, म्हणजे यांची ताई, भांडून शहरात नोकरीला गेली होती. दोन महिन्यांपूर्वी, जुने पोस्टमनकाका निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी, तिचं पत्र आलं. 'परत येऊ का? तुझं उत्तर आलं तरच येईन.' आत्यानं दुसऱ्याच दिवशी 'ये' लिहून पेटीत टाकलं. तेव्हापासून सगळं गप्प.

"राग गेला नसेल तिचा," आत्या पुटपुटली.

त्यातच सरपंचांनी टपाल खात्याची नोटीस वाचून दाखवली. वस्तीतून कुणी पत्रच टाकत नाही, म्हणून शुक्रवारी पेटी काढणार आणि पोस्टमनची फेरीही बंद!

"मग आत्याचं पत्र काय पेटीनं खाल्लं?" ढब्बू ओरडला.

"तुला खाण्याशिवाय काही सुचतं का रे?" म्हणत वकील पेटीकडे धावली.

चिमणीनं पेटीच्या छोट्या खिडकीला नाक लावलं. "मंगळवार!"

"आज तर गुरुवार आहे!"

"आपण आलो त्या रविवारीही मंगळवारच होता. मी वाचला होता!"

वकिलाचे डोळे चमकले. "पोस्टमन पेटी उघडतो तेव्हा ही वाराची पाटी बदलतो. पाटी आत, कुलूप बाहेर. म्हणजे..."

"पेटी कुणी उघडलेलीच नाही!"

शुक्रवारी टपाल खात्याचे साहेब धापा टाकत चढून आले. सोबत पेटी काढायला पाना घेऊन नवा पोस्टमन.

"थांबा! आधी उघडून दाखवा!" तिघं पेटीपुढे आडवी झाली.

"रिकामी आहे रे बाळांनो," नवा पोस्टमन म्हणाला. "मी रोज बघतो ना!"

"रोज? मग आज वार कोणता?"

"शुक्रवार!"

"पेटीला विचारा!"

साहेब वाकले. बघतच राहिले. "किल्ली आणा इकडे!"

दार उघडलं मात्र, पत्रांचा ढीग साहेबांच्या बुटांवर कोसळला!

"चढ फार आहे साहेब," नवा पोस्टमन खाली मान घालून म्हणाला. "खालूनच वहीत 'निरंक' लिहायचो, पेटी रिकामी म्हणून."

आत्यानं तळातलं आपलं पत्र उचललं. साहेबांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि पाकिटाच्या मागे लिहिलं, 'अजूनही ये.'

"हे मी स्वतः आजच रवाना करतो," साहेब हळूच म्हणाले. "पेटी हलणार नाही, फेरीही थांबणार नाही. आणि पोरांनो, तुमच्यासारखे तपासनीस माझ्या अख्ख्या खात्यात नाहीत!"

आठव्या दिवशी ताई पळत चढ चढून आली आणि आत्याच्या गळ्यात पडली.

बरं बाई, एवढं एक मी पदरचं घातलं. आठव्या दिवशी ताई नाही, तिचं पत्र आलं. 'रजा मिळाली की निघते.' आत्यानं ते इतक्यांदा वाचलंय, की घडीवर फाटलंय. आता तिला ते वाचायला लागतच नाही, तरी उलगडते.