मान झटकणारी गाडी

"ताशी नव्वदच्या गप्पा मारताय होय रे," मेकॅनिक ओमोरआके म्हणाला आणि चुलीत एक गोवरी सारली. मेंढरं कोंडून झाली होती. बाहेर तिघा पोरांच्या मोटरसायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. "आत-बाशी गावचा कुतमान माहीत आहे ना?"

"ज्याचा भाऊ दारू पिऊन मेला तो?"

"कोण म्हणतं दारू पिऊन?" आकेचा आवाज चढला. "थोबाड बंद ठेवा आणि ऐका."

गेल्या वर्षीचा सप्टेंबर, सव्वीस तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी कुतमानच्या थोरल्या भावाचं, तालायचं चाळिसावं होतं. शंभर माणसांच्या पुलावाला आत्याची मोठी कढई हवी होती आणि आत्याचा फोन लागत नव्हता.

"जाऊन सांग तिला, उजाडायच्या आत पाठव म्हणावं," आई म्हणाली. ती मेलेल्याच्या नावाने बोरसोक, कणकेचे फुगे, तळत होती. घरभर तेलाचा वास भरला होता.

"शेजाऱ्याची मोटार माग," बाप म्हणाला.

कुतमान तडक उठला. गोठ्यात गेला आणि तालायची मोटरसायकल बाहेर काढली. बाप ती भंगारात घालणार होता. कुतमानने चाळीस दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता.

उन्हाळ्यात तालाय म्हणाला होता, "अरे ए, माझं हे घोडं ऐंशीच्या पुढे मान झटकतंय. हँडल हातात राहत नाही. बघ जरा."

कुतमानला घाई होती, दारात मित्र हॉर्न वाजवत होते. त्याने पुढचं चाक उचलून पाहिलं नाही, चाकाचे दांडे धरून हलवले नाहीत. पाना घेतला आणि हँडलच्या मानेवरचा मोठा नट अंगातला सगळा जोर लावून आवळला.

"झालं, दादा."

"आणि पुन्हा झटकली तर?"

"घोड्यावर बसतोस ना? लगाम आवळ. मान गुमान खाली येते."

"दाढी फुटायच्या आत मेकॅनिक झालास की रे," तालाय हसला.

तिसऱ्या दिवशी कालव्याजवळच्या सरळ रस्त्यावर तो मेलेला सापडला. पडताना कोणी पाहिलं नव्हतं. गावाने वोडकाचं नाव घेतलं. तालाय थेंबालाही शिवत नसे. कुतमान गप्प राहिला. जनाज्यालाही गप्प.

मग त्याने गाडी खोलली. हँडल ज्यावर फिरतं त्या मानेतल्या कोनसेटच्या वाट्यांना बेअरिंगच्या गोळ्यांनी खड्डे पाडले होते. तो त्या वाट्या घेऊन ओमोरआकेच्या दुकानात आला.

"नट आवळून काय होतंय?" आके म्हणाला. "रोग झाकला जातो. वर हँडल जखडतं. मोकळं असलं तरच गाडी स्वतःला सावरते."

"आणि लगाम आवळला तर?"

"लगाम कसला रे? हे घोडं आहे का? जितकं घट्ट धरशील तितकी जास्त झटकेल. हात सैल सोडायचे."

कुतमानने नवा कोनसेट मागितला, नवा टायर मागितला, चाकाचा आउट काढून ते सरळ करून घेतलं.

त्या गुरुवारी त्याला एकच गोष्ट पाहायची होती. गाडी आता नीट होती. नीट असूनही त्या रस्त्यावर तिने मान झटकली, तर दोष त्याच्या पान्याचा नव्हता. नाही झटकली, तर भावाला त्यानेच मारलं होतं.

सव्वादहाला तो कालव्याच्या पुलावर पोचला. चंद्र नव्हता. पुढे सरळ रस्ता.

साठ. सत्तर. ऐंशी. हँडल गप्प.

नव्वद. गप्प.

त्याला रडू फुटलं. "झटक," तो ओरडला. "झटक ना, हरामखोर!"

तिने मान झटकली.

आधी बारीक. मग मनगटापर्यंत. मग दिवा रस्ता सोडून दोन्ही बाजूंचं गवत चाटू लागला. एक क्षण कुतमानला आनंद झाला. मी नव्हे. मी नव्हे...

मग त्याच्या हातांनी लगाम आवळला. जन्माची खोड.

ती जास्त झटकली. त्याने जास्त आवळलं.

आणि गाडी मागून बसली. कोणीतरी मागे बसल्यासारखी.

काखांखालून दोन हात पुढे आले. थंड नव्हते. कुतमान हेच परत परत सांगतो, थंड नव्हते. त्यांनी त्याची बोटं सोडवली. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं...

हँडल शांत झालं.

"दादा?"

...

"मी उद्या सांगेन सगळ्यांना. तू प्यायला नव्हतास..."

वारा. इंजिन.

"नट मी आवळला होता, दादा."

मागून काहीच नाही. कोणी उतरलंही नाही.

"मग?" तिघांतल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"मग काय. दुसऱ्या दिवशी पुलाव वाढून झाला, आणि भर पंगतीत त्याने उभं राहून सगळं सांगितलं. बाप हात न धुता उठला. तेव्हापासून पोराशी एक शब्द बोललेला नाही."

"आणि गाडी?"

ओमोरआकेने चहाचा पेला खाली ठेवला.

"माझ्या दुकानात आहे. विकत कोणी घेत नाही. मागून चार बोटं दबलेली आहे, रिकामी असताना. मला वाटलं स्प्रिंग गेली. नवी घातली. तासाभरात तीही तेवढीच दबली. मागे वजन आलं की पुढचं तोंड उचलतं, गाडी सरळ धावते. मी स्वतः शंभरावर नेली. मान झटकत नाही. आता कधी झटकणारही नाही. तेव्हा त्या रात्री ती आपली आपण झटकली की त्याने मागितलं म्हणून, आणि दोष कोणाचा होता, ते कुतमानला मरेपर्यंत कळायचं नाही."

बाहेर कुत्रं भुंकून थांबलं.

"परवा इंजिनखाली ठोकळा लावून दोन्ही चाकं अधांतरी केली," आके म्हणाला. "स्प्रिंग मोकळी होऊन मागचं चाक लोंबायला हवं ना?"

त्याने हाताची चार बोटं आडवी धरली.

"स्प्रिंग दबलेलीच होती. चार बोटं."