साहेबांचा पट्टा

साहेब दुकानाच्या दारात बसले ते बसलेच.

दुकान गाड्यांच्या सीट कव्हरचं. भर दुपारी एक गाडी दारासमोर चारही दारं उघडी टाकून उभी होती, बाबा आत अर्धे वाकून जुनं रेक्झिन उचकटत होते, आणि ती उघडी दारं बघून साहेबांनी फुटपाथवर अशी फतकल मारली, की काही केल्या उठेनात. साहेब म्हणजे कुत्रा. चांगला दांडगा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला, वयाने पोक्त. साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, चष्मेवाला माणूस घामाघूम होऊन उभा होता.

ती, बाबांची मुलगी, शिलाई मशीनवरून उठून बाहेर आली. गळ्यात टेप, कानामागे शिंप्याचा खडू.

"अहो, तुमच्या कुत्र्याने आमचं दार अडवलंय."

"माफ करा हं... साहेब, उठा ना. लोक बघतायत."

"साहेब कोण?"

"हेच. नाव आहे त्यांचं."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचा नोकर," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला फस्सकन हसू आलं. "पोटापाण्यासाठी ग्रंथपाल आहे. पण खरी नोकरी हीच."

मग त्यानेच सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी साहेब पुढच्या सीटवर उभे राहून खिडकीबाहेर डोकं काढून वारा खात होते. एक सायकल आडवी आली, त्याने करकचून ब्रेक दाबला, आणि साहेब थेट समोरच्या डॅशबोर्डवर आपटले. एक दात गेला.

"दात त्यांचा पडला... झोप माझी उडाली. पट्टा नाही, काही नाही, मोकळंच बसवलं होतं मी. तेव्हापासून गाडीचं दार उघडं दिसलं की हे असे बसतात."

"मग नेऊ नका गाडीतून."

"न्यायलाच हवं. बदली झालीये. पुढच्या रविवारी निघायचंय, नऊ तासांचा रस्ता आहे."

"आणि नाही बसले तर?"

"तर भावाकडे ठेवावं लागेल." तो खाली वाकला आणि साहेबांचा पडलेला कान उगीचच सारखा करू लागला. "भावाला कुत्रा चालतो. वहिनीला गच्चीवर बांधलेला चालतो."

कान सारखा करणाऱ्या त्या हाताकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. आता याला काय म्हणावं? रोज दहा गिऱ्हाइकं येतात, दहाही जणांना हात असतात, कधी एकाकडे वर मान करून बघितलं नव्हतं बयेने!

"आठ दिवस आहेत ना?" ती म्हणाली. "पट्टा मी शिवते. आणि बसायला शिकवू आपण त्यांना."

"आपण सीट शिवतो, कुत्री नाही!" गाडीच्या पोटातून बाबांचा आवाज आला.

"कुत्राही सीटवरच बसणार आहे बाबा!"

तिने तिथेच फुटपाथवर बसून साहेबांच्या छातीचं माप घेतलं. साहेबांनी तिच्या कानामागचा खडू चाटून पाहिला आणि नापसंत केला.

पट्टा दुसऱ्या दिवशी तयार झाला. जुन्या गाडीच्या सीटबेल्टची जाड पट्टी, छातीवर मऊ फोम, पाठीवर एक कडी आणि त्या कडीतून निघणारा आखूड पट्टा, जो गाडीच्या बेल्टच्या खटक्यात टक्‌कन बसायचा. "गळ्यात अडकवायचं नाही, छातीवर," ती समजावत होती. "ब्रेक लागला तर झटका गळ्याला बसता कामा नये. आणि जागा मागच्या सीटवर. पट्टा आणि छाती यांत दोन बोटं जातील इतकंच घट्ट करायचं." मग तिने पट्ट्यावर बकलाशी पांढरी रेघ ओढली. "ही खूण. इथवर ओढायचं. घालता-काढताना पुसली जाते, मी रोज संध्याकाळी नवी काढून देत जाईन. आणि उद्यापासून रोज सकाळी तुम्ही एकट्याने त्यांना बसवायचं, संध्याकाळी माझ्यासमोर. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"मॅडम काय? मी काय शाळेत आहे?"

"खडू तर तुमच्याच हातात आहे," तो म्हणाला.

दुकानामागच्या गल्लीत त्याची जुनी निळी गाडी उभी राहू लागली. पहिल्या दिवशी इंजिन बंद, दारं उघडी. साहेब आत यावेत म्हणून ती आधी मागच्या सीटवर जाऊन बसली, हातात बिस्किट. साहेबांनी पंधरा मिनिटं विचार केला. मग एक पाय आत... पुन्हा बाहेर... आणि एकदाचे आले, ते तिच्या मांडीवर निम्मे अंग टाकूनच. तो पुढे स्टिअरिंगशी बसलेला. गाडी बंद आणि गप्पा चालू, असा सगळा प्रकार.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. बसायचं नुसतं."

"माझ्या गाडीत बसून कुठेच न जाण्याचा हट्ट धरणारं कुणी पहिल्यांदाच भेटतंय मला."

"घाई कुणाला आहे?" ती बोलून गेली, आणि मग जीभ चावली. घाई होती ना... रविवारची.

दुसऱ्या संध्याकाळी दारं लावून बसायचं होतं. तिने पट्टा हातात घेतला, क्षणभर पाहिला.

"सकाळचा सराव झाला?"

"झाला की."

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही... मजेत होते."

"बरं," ती म्हणाली, आणि पट्टा साहेबांच्या डोक्यातून घातला.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. साहेब थरथरले, तिने छातीवर हात ठेवला, थरथर थांबली. चौथ्या दिवशी वायपर. आभाळ कोरडं ठणठणीत, तेव्हा तिने दुकानातून बादली आणली आणि पुढच्या काचेवर मग भरभरून पाणी ओतायला सुरुवात केली. आतून तो वायपर चालवत होता, बाहेरून ती ओतत होती, आणि मधल्या ओघळांतून दोघं एकमेकांना दिसत होती, पुसली जात होती, पुन्हा दिसत होती. कोपऱ्यावरचा न्हावी कात्री थांबवून बघत राहिला. ती कोपरापर्यंत भिजली. तो काच खाली करून म्हणाला, "अजून थोडा पाऊस हवा होता... साहेबांना सवय नीट झाली नाही."

"साहेब झोपलेत."

"मग मला."

पाचव्या दिवशी गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. सहाव्या दिवशी तळ्याला वळसा घालून आली. पुढचा आरसा त्याने साहेबांवर लक्ष ठेवायला म्हणून तिरका केला होता, तो तसाच राहिला.

"साहेब केव्हाचे आडवे झालेत," ती म्हणाली. "आरशात काय बघताय?"

"मागची काच... स्वच्छ आहे का ते."

"माझ्या डोक्यामुळे दिसत नसेल."

"तीच तर अडचण आहे," तो म्हणाला, आणि कान लाल करून गिअर बदलला.

ती हसली खरी, पण रात्री मशीन झाकताना तिच्या लक्षात आलं. साहेब जितके शिकतील तितके हे दोघं लांब जाणार! त्याच्या जाण्याची तयारी तिने आपल्याच हाताने शिवली होती, तीही दुहेरी टाका घालून. 'अजून तयार नाहीत हो, राहू द्यात' असं एक वाक्य बोलली असती तरी काम झालं असतं. पण तसं बोललं की गच्चीवर साखळीने बांधलेला, एक कान पडलेला तो जीव डोळ्यांपुढे यायचा. मग वाक्य गिळायची.

शनिवारी गाडी पूल ओलांडून परत आली. साहेबांनी वाटेत साधी कुरकुरही केली नाही.

"पास," ती म्हणाली. "उद्या निघायच्या तीन तास आधी थोडंसंच खायला घाला. दर दोन तासांनी थांबायचं, पाणी पाजायचं. बंद गाडीत एकटं सोडून जायचं नाही, पाच मिनिटंही नाही."

"निकाल लागला की शाळा सुटते, नाही?"

ती पट्ट्याच्या खटक्याशी चाळा करत राहिली. तोही स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. "मला तुम्हाला..." त्याने सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच वेळी बाबांनी दुकानातून हाक मारली. बाबांना वेळेचं गणित कधी जमलंच नाही.

रविवारी सकाळी सातला फोन वाजला.

"साहेब बसत नाहीयेत." त्याचा आवाज पार उतरला होता.

ती धावतच गेली. दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. डिकीत पुस्तकांची खोकी, दारात कुलूप, गाडीचं मागचं दार उघडं... आणि समोर साहेब, पहिल्या दिवशीसारखेच, फतकल मारून. मागोमाग बाबा स्कूटरवरून आले.

तिला बघताच साहेबांची शेपटी फुटपाथ झाडू लागली. ती मागच्या सीटवर जाऊन बसली. साहेब टुणकन उडी मारून आत. ती उतरली. साहेबही उतरले. ती बसली, साहेब बसले. ती उतरली...

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" बाबा म्हणाले. "त्यांना गाडीची नाही, तुझी सवय लावलीस तू."

"असं कसं?" ती त्याच्याकडे वळली. "रोज सकाळी एकटे बसत होते ना तुमच्याबरोबर?"

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"नाही. एकदाही नाही बसवलं मी."

"काय?"

"पहिल्या दिवशी पट्टा घेऊन खाली उतरलो होतो. मग वाटलं, एकट्याने जमलं तर... संध्याकाळी तुम्हाला बोलवायला कारण काय उरेल?" तो साहेबांकडे बघत बोलत होता. "रागवा तुम्ही. हक्क आहे तुमचा. माझ्या लोभापायी आता त्यांना गच्चीवर... मला माफ नका करू."

आता ही भडकणार, असं वाटून बाबाही दोन पावलं मागे सरकले. पण ती खाली बसली आणि साहेबांच्या पट्ट्यावरून बोट फिरवू लागली.

"ही खूण," ती हळूच म्हणाली. "मी संध्याकाळी काढून द्यायचे. एकदा जरी पट्टा ओढला असता तरी पुसली गेली असती. दुसऱ्या संध्याकाळी बघावं, तर जशीच्या तशी."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"त्या संध्याकाळपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ज्यासाठी बसवलं नाहीत ना..." तिचं बोट खुणेवर थांबलं. "त्याचसाठी."

साहेबांची शेपटी फुटपाथ झाडतच होती.

"वा!" बाबांनी कपाळावर हात मारला. "दोघं शहाणे मूग गिळून बसले, आणि शिक्षा मुक्या जनावराला! चला, बसा. आमच्या पावतीवर छापलंय, कामात खोट निघाली तर घरी येऊन दुरुस्त करून देऊ. आता घर नऊ तासांवर आहे त्याला मी काय करणार?"

"बाबा, दुकान?"

"रविवार आहे." बाबांनी स्कूटर त्याच्याच फाटकात लावली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "उद्याच्या बसने येऊ परत."

दोन तासांनी पहिला थांबा आला. रस्त्याकडेला मोठं मोकळं मैदान होतं. साहेब पाणी प्यायले, एका खांबाची विचारपूस करून आले. बाबा चहा शोधायला गेले.

"आता बसवा," ती म्हणाली. "एकट्याने. मी इथे समोर उभी राहते, त्यांना दिसेन अशी."

"आत्ता?"

"आत्ताच. मी उद्या परत जाणार आहे. साहेबांना तुमच्याबरोबर राहायचंय."

तिने नवी खूण काढून दिली. त्याने पट्टा घातला, खुणेपर्यंत ओढला, दोन बोटं घालून पाहिली, खटका लावला. साहेबांनी काचेतून तिच्याकडे बघत एक हुंकार दिला. एक पाऊल पुढे टाकावंसं वाटत होतं, तिने टाकलं नाही. गाडी हळूहळू निघाली, मैदानाच्या टोकापर्यंत गेली, झाडांआड दिसेनाशी झाली... किती वेळ गेला कोण जाणे. मग वळून आली. मागच्या काचेत एक उभा आणि एक पडलेला कान दिसत होता.

तो उतरून तिच्यासमोर आला आणि पट्टा ओढताना खडू लागलेली आपली बोटं त्याने तिला दाखवली.

"जमलं. अगदी शांत बसले."

"मग झालं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आता माझं काही काम उरलं नाही."

"नाही उरलं," तो म्हणाला. "काहीच कारण नाही उरलं. म्हणून आत्ता विचारतो... कारण नसताना याल? उद्या परत जा, दुकान आहे, बाबा आहेत. पण मी दर रविवारी येईन, साहेबांना घेऊन. आणि एक दिवस तुम्ही कायमच्या याल का माझ्याबरोबर? मला आवडता तुम्ही. त्या मगभर पाण्यापासून... नाही, त्याच्याही आधीपासून."

तिने त्याच्या बोटांवरचा खडू आपल्या ओढणीने पुसला. एकेक बोट, सावकाश.

"नऊ तास येणार, नऊ तास जाणार?"

"दर दोन तासांनी थांबत."

"येईन," ती म्हणाली.

बाबा चहाचे तीन कप सांभाळत आले. दोघांकडे एकदा पाहिलं, काही न विचारता कप हातात दिले, आणि मागचं दार उघडून साहेबांशेजारी बसले.

"तू बस पुढे," ते तिला म्हणाले. "माझी कंबर मागेच बरी राहते."

गाडी सुरू झाली. तिने आपला बेल्ट ओढून खटका लावला. तिरक्या आरशात आता फक्त बाबा आणि साहेब दिसत होते, म्हणून त्याने मान वळवून विचारलं, "दोन बोटं जातायत ना?"

"रस्त्याकडे बघा," बाबा मागून म्हणाले.