भाविकाचं कार्ड

पनवेलच्या जुन्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना होता. तिथल्या वजनकाट्यापाशी दमयंती सिस्टर एकवीस वर्षं उभ्या होत्या. बाळ काट्यावर ठेवायचं, कितीही रडलं तरी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग लांबी, मग डोक्याचा घेर, आणि मग कार्डावर खुणा करायच्या. मान धरते का, पालथी पडते का, आधाराशिवाय बसते का. नव्या पोरी शिकायला आल्या की सिस्टर पहिल्याच दिवशी दम भरत, "आई सांगते म्हणून खूण करायची नाही. आईला आपलं पोर सगळ्यांच्या आधी चालताना दिसतं. डोळ्यांनी बघा, मग लिहा."

आणि नेमका हाच नियम त्यांनी स्वतः मोडला, तोही कमळाबाईंसाठी.

कमळाबाई सुकी मासळी विकायला सोमवारी बाजारात येत. विमानतळात गाव गेल्यापासून त्यांचं बिऱ्हाड करंजाड्याला होतं. साडेतीन महिन्यांची लस झाली की थेट नवव्या महिन्यापर्यंत बाळाला सुई नसते, त्यामुळे मधल्या काळात नात भाविकाला घेऊन कोणी येईना. येई ते नुसतं कार्ड, टोपलीतून, बोंबलांच्या वासासकट. कार्डावर शिक्का पडला म्हणजे काम झालं, रेशनसारखं, अशी कमळाबाईंची पक्की समजूत.

"बाळ कुठंय?" सिस्टरांनी विचारलं.

"घरी हाय. एवढ्या उन्हात कुटं आनू? तुमी लिवा ना. खाते, खेलते, काय बी तक्रार नाय."

बाहेर चाळीस बाया ताटकळत होत्या. सिस्टरांनी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या आणि लिहिलं. सहावा महिना, सात किलो दोनशे, साडेपासष्ट सेंटिमीटर. त्या वयाच्या मुलीचं वाढीच्या तक्त्यात असतं तेच. सातव्या महिन्यात साडेसदुसष्ट. आठव्यात फोन वाजला, एक पोर काट्यावर ओकलं, त्या गडबडीत वजन बरोबर पडलं पण लांबी पुन्हा साडेपासष्टच लिहिली गेली. हे त्यांच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

नवव्या महिन्यात सून कीर्ती भाविकाला घेऊन आली. गुटगुटीत, शांत पोर. गालावर डासाचा एक लाल ठिपका. काट्यावर ठेवल्यावर ती रडली नाही, सिस्टरांकडे बघत बसली.

सात किलो नऊशे.

कार्डावर आठव्या महिन्यासमोर हाच आकडा होता, त्यांच्याच अक्षरात. महिनाभरात एक ग्रॅमही चढला नव्हता. लांबी मोजली, साडेपासष्ट.

"सिस्टर, एक विचारू?" कीर्ती चाचरत म्हणाली. "मागच्या महिन्यात ही आखडली का ओ? सातव्यात झबलं गुडघ्यापर्यंत येत होतं. आता गुडघ्याखाली उतरतं."

"कपडा सैल पडला असेल," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांची नजर साडेसदुसष्टवरून साडेपासष्टवर गेली आणि तिथेच थांबली. हात चुकला होता तो त्यांचा. पोरीचा काय संबंध?

त्यांनी सुई टोचली आणि या खेपेला अगदी नियमानं, डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं. सात किलो नऊशे, साडेपासष्ट, रांगत नाही.

दहाव्या महिन्यात डॉक्टर सत्यजीतनी मुद्दाम बोलावून घेतलं. सात किलो नऊशे. साडेपासष्ट. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "काटा बिघडलाय का बघा." काटा बिघडला नव्हता, त्याच सकाळी सिस्टरांनी त्यावर किलोचं वजन ठेवून पाहिलं होतं. त्यांनी भाविकाचा हात हातात घेतला. नखं बारीक, ताजी कापल्यासारखी.

"नखं कधी काढलीस?"

"दोन महिने झाले," कीर्ती म्हणाली. "वाढतच नाहीत."

गालावरचा डासाचा ठिपकाही तसाच लाल होता.

सिस्टरांनी जे दिसलं ते लिहिलं. महिनाभरानं पुन्हा जे लिहिलं होतं तेच दिसलं. त्यांना काही सुचेना. हिशेब कुठे चुकतोय म्हणून रात्री अंथरुणात त्या बोटं मोजत, आणि सकाळी आपल्याच वेडेपणाचं हसू येई. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. कीर्ती जिन्यात बसून ढसाढसा रडली.

कमळाबाई मात्र टोपली खाली ठेवून सरळ टेबलापाशी आल्या.

"तुमी पयल्यासारका लिवा ना, सिस्टर. मनानी. मंग वाढंल ती."

"असं नसतं हो, कमळाबाई. मी लिहून मूल वाढत असतं तर दवाखाने कशाला हवेत?"

"ता मना नाय कलत. तुमी लिवलंव तवा वाढली. तुमी बगाया लागलाव न् थांबली."

लिहिल्यानं कोणाचं काय बिघडणार आहे, असं मनाशी म्हणत सिस्टरांनी पेन उचललं. अकरावा महिना, आठ किलो सातशे, साडेबहात्तर, रांगते, धरून उभी राहते.

दुसऱ्याच दिवशी कीर्ती धावतच जिना चढली. तिनं भाविकाला खाली सोडलं. पोर टेबलाच्या पायापर्यंत रांगत गेली आणि पाय धरून उभी राहिली. काट्यावर आठ किलो सातशे. गालावरचा ठिपका गेला होता. नखं इतकी वाढलेली की तिनं सिस्टरांच्या मनगटावर ओरखडा काढला. कीर्ती हसत होती, रडत होती. सिस्टरांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांची नजर कार्डावरून हलेना. हे कोणाला सांगायचं? डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी माझंच डोकं तपासतील, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्या दर महिन्याला न बघता लिहू लागल्या. आकडा दोनदा ताडून पाहत, मगच पेन टेकवत. बारावा झाला, तेरावा झाला.

मग सिस्टरांच्या निवृत्तीचा दिवस आला.

शेवटच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, कमळाबाई कार्ड घेऊन आल्या. "तुमी गेलाव का मंग कोन लिवल?"

हाच प्रश्न सिस्टरांना महिनाभर छळत होता. त्यांच्या जागी येणाऱ्या पोरीला त्यांनीच शिकवलं होतं. डोळ्यांनी बघायचं आणि मग लिहायचं. ती बघणार, लिहिणार, आणि पोर चौदाव्या महिन्यातच अडकणार.

"बसा," त्या म्हणाल्या.

कार्ड पाच वर्षांपर्यंतचं होतं. त्यांनी वाढीचा तक्ता समोर घेतला, चष्मा पुसला आणि एकेक रकाना भरायला घेतला. खिडकीखाली कोथिंबीरवाला ओरडत होता. दीड वर्ष, हात न धरता चालते. दोन वर्षं, दोन शब्द जोडून बोलते. तीन वर्षं, तीनचाकी चालवते. चार वर्षं, बटणं लावते. पाच वर्षं, अठरा किलो, एकशे नऊ सेंटिमीटर, स्वतःचं नाव आणि गाव सांगते. एकही आकडा चुकला नाही.

प्रत्येक रकान्याखाली त्यांनी सही केली. सहीखाली तारीख टाकली, आजची. एकवीस वर्षांत त्यांनी सहीखाली दुसरी तारीख कधी टाकलीच नव्हती. हाताला तेवढीच सवय.

कमळाबाईंनी कार्ड कपाळाला लावलं, टोपलीत ठेवलं, आणि त्या जिना उतरू लागल्या.

त्या अजून खालच्या पायरीवरही पोचल्या नसतील, तेवढ्यात फोन वाजला. कीर्ती होती.

"सिस्टर, आई तिथं हायत का?"

"आत्ताच निघाल्या. काय झालं?"

कीर्तीचा आवाज अगदी खाली गेला होता. "भाविकाला भरवत होते. पाणी आणायला आत गेले. एक मिनिट पण नाही झालं."

"मग?"

पलीकडून दुसरा आवाज आला. लहान मुलीचा, स्वच्छ, "आई, कोनाचा फोन हाय?"

सिस्टरांनी टेबल घट्ट धरलं.

"सिस्टर," कीर्ती कुजबुजली, "घरात कोणतरी मुलगी आली आहे. उघडीच उभी आहे. माझ्या लेकीचं नाव सांगते, आमच्या गावाचं नाव सांगते, मला आई म्हणते." ती थांबली. "माझी भाविका कुठं गेली? खिमट अजून गरम आहे."