सातव्या अंकातली परात

"आजोबा, परातीने कुणी होडी वल्हवतं का?" निकांद्रो खो खो हसला.

"मी वल्हवली!" वेंसेस आजोबांनी विणायला घेतलेलं जाळं बाजूला फेकलं. "वल्हं मोडलं, तशी मासळीची लाकडी परात उचलली आणि शर्यत मारली! 'ला रिबेरा' मासिकाच्या सातव्या अंकात फोटो आहे. जा, बघून या!"

उद्या जत्रा. धक्क्यावर गाव जमणार आणि दरवर्षीसारखं "परातवाले आले!" म्हणून आजोबांना चिडवणार. यंदा एरेंदिराला ते ऐकायचंच नव्हतं. तिने चुलतभावाचा, निकांद्रोचा हात धरला आणि थेट ग्रंथालय गाठलं.

ग्रंथपाल एवोदियोकाकांनी सातवा अंक काढून दिला. त्यात मक्यावरची कीड होती, नगराध्यक्षांचं भाषण होतं. फोटो नव्हता!

"थापा मारतात आजोबा," निकांद्रो म्हणाला.

"थांब! साल बघ! तेव्हा आजोबा जन्मलेच नव्हते!" एरेंदिरा ओरडली. "काका, सातवा अंक आणखी एक होता का?"

"होता की! बरेच आकडे दोनदा होते. मी कार्डावर 'अंक १ ते ३०' लिहिलं आणि जादा प्रती सकाळी मेलितोनला दिल्या. फटाक्यांच्या नळ्यांना."

"उघडून बघितल्या नाहीत?"

"मासिक तेच, आकडा तोच. उघडायचं कशाला?"

दोघं धूम पळाली!

मेलितोन गावाबाहेर झाडाखाली नळ्या वळत बसला होता. "लांब उभे राहा! दारू आहे इथे! आणि कागद परत दिला तर उद्याचा फटाक्यांचा मनोरा कशाने उडवू? तुमच्या चड्ड्यांनी?"

एरेंदिराची नजर समोरच्या भिंतीवर गेली. निवडणूक होऊन महिना झाला, तरी हरलेला उमेदवार तिथे हसतच होता.

"तेवढाच कागद आणून दिला तर?"

"आणा की!"

भराभर पोस्टरं निघाली आणि भिंती मोकळ्या झाल्या. "बिचारा! पालिकेत नाही, निदान आकाशात तरी जाईल!" निकांद्रो म्हणाला.

गठ्ठा सुटला. मुखपृष्ठावर नावाखाली बारीक अक्षरं होती: 'दुसरा काळ, अंक ७'. बंद पडलेलं मासिक नव्या लोकांनी पुन्हा काढलं होतं आणि इथल्या रिवाजाप्रमाणे मोजणी परत एकपासून धरली होती. आत एक काटकुळा पोरगा डोक्यावर परात धरून हसत होता!

ग्रंथालयात एवोदियोकाकांनी या वेळी अंक उघडून त्या पोराला बघितलं. मग त्यांनी नवं कार्ड घेतलं. पहिला काळ, अंक १ ते ३०. दुसरा काळ, अंक १ ते १८. दोन्हींपुढे सालं.

"तीन आणि चार नाहीत. त्यांच्या नळ्या झाल्या," एरेंदिरा म्हणाली. "तेही लिहा."

"लिहितो, बाई! तुम्ही नसतात तर मी अर्धं मासिक धुरात घालवलं असतं. शाबास!"

दुसऱ्या संध्याकाळी धक्क्यावर अंक हातोहात फिरला. चिडवणारे फोटोवर वाकले. मग कुणीतरी ओरडलं, "परातवाले!" आणि सगळ्यांनी टोप्या उडवल्या. आजोबांनी डोळे पुसले. "म्हटलं नव्हतं मी?"

तेवढ्यात मनोरा कडाडला! एक जळका कपटा तरंगत आजोबांच्या मांडीवर पडला. त्यावर उमेदवाराची अर्धी मिशी होती!